मला वाटलं, तुझ्याकडे आहे

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशीची दुपार होती. गोव्यात, बांदोड्याच्या मूळ घरात त्या दिवशी आम्ही तेवीस माणसं होतो. पंगत उठली होती, केळीची पानं मागच्या बाजूला गुरांकडे गेली होती, स्वयंपाकघरात खतखत्यातल्या तिरफळांचा वास अजून रेंगाळत होता. पुरुषमंडळी सोप्यावर लवंडली होती. मुलं गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली खेळत होती, म्हणजे वरून एखादं फळ गळून पडतंय का याची वाट बघत होती. पाऊस थांबत होता, परत येत होता. नेवऱ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला मी स्टुलावर चढले होते. वरून सहज नजर गेली तर मनू मुलांत नव्हती. चौदा महिन्यांची होती ती तेव्हा. मी लगेच घाबरले असं म्हणता येणार नाही. एवढं घर भरलेलं, कुणाच्या तरी कडेवर असेल. मी डब्याचं झाकण दाबून बसवलं. खाली उतरले. स्टूल भिंतीला लावून ठेवलं. झाकण आणि स्टूल, या दोन गोष्टी मला अजून लख्ख आठवतात, कारण त्यांना लागलेल्या वेळाचा हिशेब मी पुढे कितीतरी रात्री करत राहिले.

ती न्हाणीत होती. दार अर्धवट ढकललेलं. लाल बादलीच्या काठाला तिने एका हाताने धरलं होतं, टाचा उचललेल्या होत्या आणि डोकं बादलीच्या आत होतं. सकाळी कुणीतरी पूजेची फुलं तिथे धुतली असणार, कारण पाण्यावर जास्वंदीची एक पाकळी तरंगत होती. ती धरायला दुसरा हात आत गेला होता. कपाळावरची बट भिजून पाण्याला चिकटल्यासारखी दिसत होती. आवाज कसलाच नव्हता. मी मागून उचलली तेव्हा मात्र ती मोठ्याने रडली, पाकळी राहून गेली म्हणून.

झालं काहीच नाही.

तिला कडेवर घेऊन मी स्वयंपाकघरात आले तेव्हा माझा चेहरा बघून काकी म्हणाल्या, "म्हाका दिसलें तें तुजेकडेन आसा." मला वाटलं, तुझ्याकडे आहे. जाऊबाईंना वाटलं होतं सासूबाईंकडे आहे. सासूबाईंना वाटलं मुलांत आहे. नवऱ्याला वाटलं आत बायकांत आहे. आणि मला? मलाही तेच वाटलं होतं, कुणाकडे तरी असेल. तेवीस माणसांचं लक्ष होतं आणि लेकरू एकटं होतं. घरात मी आणि ती दोघीच असतो तेव्हा असं कधी झालेलं नाही, कारण तेव्हा विचारायला दुसरं कुणी नसतं.

एक गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही. सकाळी अंघोळी आटोपल्यावर ती लाल बादली मीच पालथी घातली होती. थोड्या वेळाने काकींनी ती सुलटी करून अर्धी भरून ठेवली. सणाच्या दिवशी घरात रिकामी बादली ठेवू नये, हे त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं. मी ते बघितलं होतं. "काकी, मनू चालायला लागली आहे," एवढं एक वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण सण होता, त्या पहाटे चारपासून उभ्या होत्या, घरची सर्वांत मोठी बाई होती, आणि मी गप्प बसले. त्यामुळे पुढे जे होऊ शकलं असतं त्यात त्यांच्या श्रद्धेचा वाटा किती आणि माझ्या भिडेचा किती, हे मला आजही ठरवता येत नाही. माझा जास्त असावा असं वाटतं. त्यांना धोका माहीत नव्हता, मला होता.

संध्याकाळी आरतीला घुमटं वाजायला लागली, शामेळ, कासाळं, लहानथोरांचे आवाज. एरवी त्या नादाने माझ्या अंगावर काटा येतो, बरं वाटतं. त्या संध्याकाळी मात्र मनूला छातीशी घट्ट धरून मी एवढाच विचार करत होते की ज्या गोष्टीला आवाजच नाही, ती या घराला ऐकू कशी आली असती.

रात्री ती माझ्या अंगावर झोपलेली असताना फोनच्या उजेडात मी वाचत राहिले. चालायला नुकत्याच लागलेल्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते वाकलं की तोल पुढेच जातो, आणि स्वतःला मागे ढकलण्याइतकं बळ हातांत नसतं. २० लिटरची रिकामी बादली मुलाबरोबर लवंडेल तरी, अर्धी भरलेली लवंडत नाही, उलट त्याला धरून ठेवते. नाकतोंड बुडण्यापुरतं दोन इंच पाणीही पुरतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही, कारण श्वास घ्यायलाच जिथे फुरसत नाही तिथे हाक कुठून येणार. आणि सगळं काही मिनिटांत संपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीत बुडण्याचा सर्वांत जास्त धोका १ ते ४ वर्षांच्या मुलांना आहे असं लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. आपल्याकडे बुडणं म्हटलं की समुद्र आठवतो. पावसाळ्यातले लाल बावटे, शिट्टी वाजवणारे जीवरक्षक, पर्यटकांच्या बातम्या. २०२१ पासून २५ जुलैला बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस पाळतात, तेव्हाही वर्तमानपत्रात फोटो किनाऱ्याचाच असतो. न्हाणीचा फोटो कोण छापणार?

माझं आजोळ सावईवेऱ्याचं. मे महिन्यात आम्ही आठ-नऊ भुरगीं, म्हणजे मुलं, तिथे जमायचो. घरामागे कुळागर, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, मधून वाहणारा पाट, आणि पाटाच्या वरच्या अंगाला विहीर. आम्ही बांय म्हणायचो. चिऱ्यांनी बांधलेली, पण तोंड जमिनीला सपाट. कठडा नाही, नावाला एक चिऱ्याची ओळ. पावसाळ्यात ती ओळही शेवाळाने हिरवी होऊन जमिनीत मिसळून जायची. आता त्या विहिरीचा विचार केला की पोटात खड्डा पडतो. आठ-नऊ मुलं, दिवसभर कुळागरात, आणि जमिनीसपाट विहीर! आजीने आम्हाला जिवंत कसं ठेवलं?

तिने आम्हाला गिरो दाखवला. म्हणजे दाखवला कधीच नाही, फक्त सांगितला. "बांयकडेन वचूं नाका, गिरो आसा." तो पाण्यात राहतो, दुपारी बारा ते तीन वर येतो, मुलाच्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो. ओळखीच्या आवाजात, हे ती फार हळू म्हणायची. आमच्यातलं कुणीही दुपारी त्या बाजूला फिरकलं नाही. बारा ते तीन हीच वेळ का, ते मला आई झाल्यावर कळलं. त्या वेळात घरातल्या बायका जेवायला बसायच्या आणि मग जरा पाठ टेकायच्या. दिवसभरात आमच्यावर कुणाचीच नजर नसायची असा तेवढाच वेळ होता, आणि आजीने राखणीला नेमका तिथे गिरो बसवला होता.

आणि वाळे. घरातल्या प्रत्येक रांगत्या मुलाच्या पायात घुंगरांचे वाळे असायचे. लोक म्हणायचे हौस. आजी तांदूळ निवडत बसलेली असायची, मान खाली, पण घुंगरू वाजायचं थांबलं की तिचा हात सुपात थबकायचा. "भुरगें खंय आसा?" असं ती विचारायची, कुणाला उद्देशून नाही, घराला उद्देशून. मूल आवाज करतंय तोवर सगळं ठीक. शांत झालं की उठून बघायचं. त्या चवथीच्या रात्री मी फोनवर वाचलं ते सारं आजीला फोनशिवाय माहीत होतं असं मला एक क्षण वाटून गेलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं की नाही, तिचं गुणगान करायची घाई करू नये. कारण त्या विहिरीची पुढची गोष्ट वेगळी आहे.

मी सहावीत असताना त्या विहिरीत वासरू पडलं. रात्रभर हंबरत होतं म्हणतात. सकाळी दोर सोडून गड्याने वर काढलं, पण तासाभरात गेलं. पुढच्या महिन्यात विहिरीला कमरेएवढा कठडा आला, वर लोखंडी जाळी आली. खर्च झाला, गवंडी आला, चिरे आले. इतकी वर्षं आमच्यासाठी गिरो पुरेसा होता. वासराला गिरो सांगता येत नव्हता म्हणून कठडा बांधावा लागला.

भीती फुकट मिळते. कठड्याला पैसे पडतात.

हे लिहिताना मला आजोबांचा किंवा मामांचा राग येत नाही. कुळागराच्या उत्पन्नात घर भागवायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण त्या फुकट भीतीचीही किंमत कुणीतरी मोजली. मला आजतागायत पोहता येत नाही. एका बाजूला समुद्र आणि आत नद्याच नद्या अशा मुलखात जन्म काढून मी मांडीएवढ्या पाण्यापलीकडे गेलेले नाही. पाण्यात पाय घातला की कुणीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारेल असं अजून वाटतं. मनूला मी गिरो सांगणार नाही असं ठरवलं आहे. मग दुपारी बारा ते तीन तिची राखण कोण करणार, हा प्रश्न त्या निर्णयाबरोबरच आला.

आजोळच्या आणखी एका दुपारचं सांगायला हवं, खरं तर दुपार नव्हे, पेजेची वेळ. सकाळचे दहा-साडेदहा. पेजेचं मोठं तपेलं चुलीवरून उतरवून जमिनीवर ठेवलं होतं, तिथेच सगळे पाटावर बसून जेवायचे. माझा मावसभाऊ तीन वर्षांचा. डवली ओढायला गेला आणि तपेलं कलंडलं. कोपरापासून मनगटापर्यंत पेज सांडली. गरम पाणी निदान ओघळून जातं, पेज चिकटून राहते, आणि चिकटून भाजत राहते. त्या आरडाओरड्यात सगळे धावले. कुणी खोबरेल आणलं, कुणी हळद, शेजारच्या काकांनी टूथपेस्टची नळी आणून जवळजवळ सगळी हातावर पिळली. एकाही माणसाने पाणी ओतलं नाही. "पाणी लायल्यार फोड येता," असा सगळ्यांचा ठाम समज होता. बायकांच्या कमरेवर थंड पाण्याने भरलेल्या कळशा त्याच वेळी मागच्या दारात उतरत होत्या.

पाणीच ओतायला हवं होतं. साधं, वाहतं, थंड पाणी, २० मिनिटं. बर्फ नको, तेल नको, हळद नको, पेस्ट तर नकोच. हातातला दोरा-बांगडी सूज यायच्या आत काढायची, मग स्वच्छ कपडा सैल झाकून दवाखाना. २० मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. किंचाळणारं मूल नळाखाली धरून उभ्या राहणाऱ्या बाईला ती फार लांब असतात, म्हणून आकडा पाठ असायला हवा. मावसभावाच्या हातावर अजून तो डाग आहे, गुळगुळीत, फिकट, जरासा ओढलेला. तो आता दोन मुलांचा बाप आहे. त्याच्या घरी जेवायला गेलं की मी बघते, गरम भांडं तो नेहमी ओट्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवतो आणि कढईचा दांडा भिंतीकडे वळवतो. टेबलावर टेबलक्लॉथ नाही. घालतच नाही, कारण त्याचं टोक मुलांच्या हाताला येतं. यातलं काही तो कुणाला बोलून दाखवत नाही.

चवथ संपवून आम्ही पर्वरीला फ्लॅटवर परतलो आणि पहिल्याच रविवारी मी जमिनीवर रांगले. खरोखर, हातापायांवर, सगळं घर. कुठेतरी वाचलं होतं की मुलाच्या उंचीवरून घर बघावं. आपलंच घर इतकं अनोळखी असू शकतं हे मला माहीत नव्हतं. टीव्हीच्या मागे वायरींचं जाळं आणि त्यात डोळ्यांच्या रेषेत एक प्लग पॉइंट. सोफ्याखाली दोन शेंगदाणे, एक टाचणी, एक नाणं. सिंकखालच्या कपाटाचं दार पायाने उघडेल इतकं सैल आणि आत फिनेल चक्क पाण्याच्या बाटलीत, कारण मोठा कॅन जड म्हणून मीच ते ओतून ठेवलं होतं. तहानलेल्या मुलाने बाटलीचा आकार ओळखला तर त्याची चूक काय? खिडकीच्या खाली बिछान्यासारखा रुंद दिवाण, म्हणजे ग्रिलपर्यंत चढायला तयार पायरी. दिवाण त्याच दिवशी हलवला.

मला सर्वांत जास्त हादरवलं ते देव्हाऱ्याने. आमचा देव्हारा खालच्या चौरंगावर होता, बसून पूजा करायची सासूबाईंची सवय. समई, काडेपेटी, तेल हे तर दिसतच होतं. पण त्यांच्याशेजारी दोन वाट्या होत्या. एकीत प्रसादाची खडीसाखर, दुसरीत कापूर. दोन्ही पांढरे, दोन्ही चमकदार, आणि त्यातल्या एका वाटीतला खडा आम्ही रोज मनूच्या तोंडात स्वतःच्या हाताने घालत होतो. कापूर लहान मुलाला विषारी असतो. थोडासा पोटात गेला तरी काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. माझ्या माहेरी, सासरी, शेजारी, पिढ्यान्‌पिढ्या कापूर देवापुढेच ठेवलेला मी पाहत आले, आणि तो हाताला लागू नये अशा उंचीवर ठेवा असं कुणी म्हटलेलं माझ्या कानावर नाही. सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ दोन्ही वाट्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे म्हाका आदीं कोणें सांगूंक नाशिल्लें." देव्हारा दुसऱ्या दिवशी भिंतीवर चढला. त्या आता उभ्याने पूजा करतात, गुडघे दुखतात तरी.

तसेच ते विजेरीवरचे दिवे. चवथीत मखराभोवती लावायला हल्ली सगळेच आणतात, लुकलुकणाऱ्या प्लास्टिकच्या पणत्या. तळाचं झाकण नखाने उघडतं आणि आतून गोल चपटी बॅटरी निघते, नाण्यासारखी. २०३२ असा आकडा असतो तिच्यावर. त्यातले पहिले २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी, नंतरचे ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ही रुंदी लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. अडकली की ओल्या जागेत तिच्यातून प्रवाह वाहायला लागतो आणि दोन तासांत आतून खोल भाजू शकतं. मूल फक्त लाळ गाळतं, जेवत नाही, खोकतं, आणि आपण म्हणतो सर्दी झाली. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला जाऊ नये, घास भरवू नये, लगेच मोठ्या इस्पितळात न्यावं. वर्षावरच्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायला सांगतात, तो जखम थोडी रोखतो, पण मधासाठी निघायला उशीर करायचा नाही. आपल्याकडे १०८ ला फोन केला तर गाडी येते, बांबोळीचं मोठं इस्पितळ गाठता येतं. पण आधी शंका यायला हवी, आणि शंका यायला ती बॅटरी घरात आहे हे माहीत असायला हवं. मी मोजल्या तेव्हा आमच्या घरात अकरा निघाल्या. वजनकाट्यात, रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यात, एका जुन्या वाढदिवसाच्या कार्डात.

सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर असायचा, बिस्किटांचा जुना डबा, कारण डोळ्यांसमोर नसेल तर ते गोळी विसरतात. बीपीच्या, साखरेच्या, आणि लोहाच्या लाल गोळ्या, थेट चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या. इथे मला कॅनडातल्या विंडसर शहराच्या हेन्री ब्रो या बालरोगतज्ज्ञांची गोष्ट आठवते. गोड ॲस्पिरिन चॉकलेट समजून खाल्लेली मुलं त्यांच्याकडे सारखी यायची. आईबापांना समजावून ते थकले आणि १९६७ साली त्यांनी दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारं झाकण पुढे आणलं. त्या भागातल्या मुलांच्या औषधी विषबाधा ९० टक्क्यांहून जास्त घटल्या. आईबाप तेच होते, मुलं तीच होती, बदललं होतं फक्त झाकण. मला ही गोष्ट वासराच्या कठड्याइतकीच जवळची वाटते. आपल्याकडे गोळ्या पट्टीतच येतात, त्यांना झाकण नसतं, म्हणून आम्ही कपाटाच्या वरच्या खणाला कुलूप लावलं आणि सासऱ्यांच्या फोनवर दोन वेळचा गजर. पहिले आठ दिवस ते रागावले होते. "पळय, आतां म्हजेंच वखद म्हाका चोरून घेवंक जाय," म्हणायचे. बघ, आता माझंच औषध मला चोरून घ्यायला हवं. आता मनू स्वतः त्यांचा गजर वाजला की ओरडत जाते.

असं करत करत घर उंच होत गेलं. सगळं वर गेलं, कुंडी, समई, सुऱ्या, साबण. नवरा एकदा म्हणाला, "तू तिला काही करूच देणार नाहीस का?" हा प्रश्न मला लागला, कारण त्यात खोट नव्हती. मावशीने प्रेमाने आणलेला वॉकर मी परत पाठवला होता. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, फक्त सेकंदाला तीन-चार फूट धावतं आणि जिथे हात पोचत नव्हता तिथे पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. बरोबर मीच होते, पण फोन ठेवल्यावर मला वाईटच वाटत राहिलं. मनू पडते, गुडघा फुटतो, दार चेपतं, आणि ते सगळं व्हायलाच हवं हे मला कळतं. मला फक्त त्या थोड्या गोष्टी दूर ठेवायच्या आहेत ज्यांतून परत येता येत नाही. पाणी, आग, उंची, वीज, विष, श्वास अडकणं. बाकी तिला खरचटू दे. हे लिहायला सोपं आहे. ती बागेतल्या घसरगुंडीवर उलटी चढते तेव्हा माझे हात आपोआप पुढे होतात.

आमच्या इमारतीसमोर दुसरी इमारत उठते आहे. तिथे पत्र्याच्या खोल्यांत कामगार राहतात. गॅलरीतून मला रोज एक मूल दिसतं, मनूच्याच वयाचं, वाळूच्या ढिगाशेजारी. त्याची आई वर विटा नेते, आणि दर फेरीला खाली येताना आधी त्याच्याकडे बघते. ढिगापासून सात-आठ पावलांवर पाण्याची टाकी, जमिनीत खोदलेली, उघडी. मी घरातल्या वाट्या आणि बॅटऱ्या मोजत असताना ती टाकी रोज माझ्या समोर होती. तीन आठवडे लागले मला खाली जायला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकलं आणि त्याच दिवशी टाकीवर फळ्या टाकल्या. दहा दिवसांनी फळ्या मचाणाला लागल्या, टाकी पुन्हा उघडी. परत गेले. परत फळ्या. हे असं चार वेळा झालं. पाचव्यांदा सोसायटीतल्या तिघीजणींनी मिळून लोखंडी जाळी करून आणली, वेल्डिंगवाल्याने मजुरी घेतली नाही. त्या मुलाच्या आईने माझ्याकडे बघून मान हलवली. आमच्यात एक शब्दही समान नव्हता, ती कुठून आली तेही मला ठाऊक नाही. जाळी आहे. ते मूल आता नाही तिथे, ती माणसं पुढच्या साइटवर गेली. तिथल्या टाकीचं काय, हा विचार गॅलरीत कपडे वाळत घालताना रोज येतो.

आणि घरात एक वाक्य आलं. ते कुठल्या पुस्तकातून आलं नाही, त्या न्हाणीतून आलं. मनूवरची नजर आता कुणीही नुसती सोडत नाही. मी अंघोळीला निघाले की नवऱ्याला विचारते, "कोण पळयता?" कोण बघतंय? तो हातातलं काम ठेवतो आणि म्हणतो, "हांव पळयतां." मी बघतोय. तोंडाने म्हणायलाच हवं, मानेने नाही चालत. सुरुवातीला सगळ्यांना ते नाटकी वाटलं. सासऱ्यांनी उचललं ते सर्वांत आधी, कारण त्यांना ऐकू कमी येतं आणि मोठ्याने म्हणायची त्यांना सवयच आहे.

यंदाच्या चवथीला बांदोड्याला जाताना गाडीत मी मनात वाक्यं जुळवत होते. काकींना कसं सांगायचं. गेल्या वर्षानंतर त्या दुपारबद्दल आमच्यात एकदाही बोलणं झालेलं नव्हतं. त्या फोन करायच्या, मनूचं विचारायच्या, पावसाचं, आंब्यांचं बोलायच्या, पण न्हाणीचं नाव नाही. मीही काढलं नाही. मला वाटायचं त्या विसरल्या. पोचल्या पोचल्या, सामान उतरवायच्याही आधी, मी मागच्या दाराने न्हाणीकडे गेले, म्हटलं वाद घालण्यापेक्षा आधी बादली पालथी घालावी, मग बोलावं.

न्हाणीचं दार बंद होतं. वरच्या अंगाला, माझ्या डोक्याच्याही वर, नवी कडी होती, ताज्या स्क्रूंची, आजूबाजूचा रंग थोडा उडालेला. टाचा उचलून ती काढली. आत भिंतीला लागून पाच बादल्या पालथ्या होत्या, लाल, निळी, दोन हिरव्या आणि एक पत्र्याची. फरशी ओली होती, म्हणजे सगळ्यांच्या अंघोळी झाल्या होत्या आणि सण सुरू झाला होता. कोपऱ्यातल्या पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणावर लाकडी झाकण, झाकणावर एक चिरा.

मी तशीच उभी होते. आतून, रगड्याच्या आवाजावरून, काकींची हाक आली.

"भायर येतना कडी घाल गो. आनी मनूक कोण पळयता?"